दिल्लीचे शेवटचे अडीच दिवस

लांबच्या सफरीचा शेवटचा मुक्काम बहुतेक वेळा मोठ्या शहरात पडतो, कारण परतीची गाडी तिथूनच असते. नेमके तेव्हाच पाय थकलेले, बॅगा जड आणि पाकीट हलके झालेले असते. दिवाळीच्या सुट्टीत अजमेर, जयपूर, फतेहपूर सिक्री, आग्रा करत आम्ही दिल्लीला पोहोचलो तेव्हा घर सोडून दहा दिवस झाले होते. धाकटीने स्टेशनवरच जाहीर केले, "आता एकही किल्ला नको." अम्मींचे गुडघे सुजले होते. त्यांची इच्छा एकच होती, जामा मशिदीत दोन रकात नमाज. अब्बा हयात असताना घरातल्या कॅलेंडरवर त्या मशिदीचे चित्र होते. दोघांनी मिळून जायचे ठरले होते, ते राहून गेले.

लॉजवर एकजण सांगत आला, एका दिवसात बसने दिल्लीतली सगळी मोठी ठिकाणे दाखवतो. आम्ही नको म्हटले. बसमधून उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा चढायचे, त्यात अम्मींचे हाल आणि मुलांच्या हाती काहीच नाही. त्याऐवजी आम्ही एकच गोष्ट धरून शहर पाहायचे ठरवले. आठवीतल्या थोरल्याला 1857 चा उठाव माहीत होता. तेव्हा गोष्ट ठरली बादशाह बहादूरशाह जफर यांची.

वारांचा हिशेब आधी करावा लागतो. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणून तो गुरुवारीच उरकला होता. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, म्हणून तो रविवारी ठेवला. शनिवारी दुपारी पोहोचल्यावर आम्ही कुठेही गेलो नाही. कपडे धुतले, झोपलो आणि संध्याकाळी मटिया महलच्या गल्लीत निहारी आणि शीरमाल खाल्ले. हा रिकामा अर्धा दिवस पुढच्या दोन दिवसांना पुरला.

रविवारी सकाळी लाल किल्ला. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे आमची दोन तिकिटे वाचली. शाहजहानचा हा किल्ला 1648 मध्ये पुरा झाला. आत बाग, महाल, हमाम पुष्कळ आहे, पण आम्ही दीवान-ए-खाससमोर सावलीत बसलो आणि मुलांना गोष्ट सांगितली. मे 1857 मध्ये मेरठचे शिपाई याच किल्ल्यावर आले आणि ऐंशी ओलांडलेल्या जफर यांना त्यांनी आपला बादशाह मानले. दिल्ली पडल्यावर, 1858 च्या जानेवारीत, इंग्रजांनी त्यांच्यावर खटला चालवला तोही याच दालनात. "म्हणजे स्वतःच्याच घरात कैदी?" धाकटीने विचारले. किल्ला नको म्हणणारी तीच. मग आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर 1945 मध्ये इथेच खटला चालला आणि पंडित नेहरूंनी इथे तिरंगा फडकवला तो 16 ऑगस्ट 1947 ला, हेही निघाले. थोरला 15 ऑगस्टवर अडून बसला होता. आता शाळेत जाऊन पैज लावणार म्हणतो.

जोहरला जामा मशीद. 1656 मध्ये पुरी झालेली ही मशीद उंच चौथऱ्यावर आहे, म्हणजे पायऱ्या आल्याच. उत्तरेला 39, पूर्वेला 35 आणि दक्षिणेला 33. सोबत वडीलधारी माणसे असतील तर दक्षिणेचा दरवाजा धरावा. सहा पायऱ्यांचा फरक कागदावर लहान दिसतो, दुखऱ्या गुडघ्यांना तो कळतो. अम्मी तीन वेळा थांबल्या. दिल्लीची हवा त्या दिवसांत धूसर असते, त्यांना खोकलाही होता. "इथूनच दुआ करू का?" असे आम्ही विचारले, तर त्यांनी उत्तरही दिले नाही. धाकटीचा खांदा धरून त्या वर गेल्या.

थोरल्याने मध्येच मसला काढला. मुसाफिर असल्याने आपण चारऐवजी दोनच फर्ज पढतो, मग इथे काय? स्थानिक इमामाच्या मागे पढताना मुसाफिरानेही चार पूर्ण करायचे, एकट्याने पढताना दोन. बाप-लेक जमाअतीत उभे राहिले, अम्मींनी एका बाजूच्या ओवरीत बसून नमाज पढली.

सलाम फिरवल्यावर त्या बराच वेळ उठल्या नाहीत. मुलांना आम्ही तिथेच पुढची गोष्ट सांगितली. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी ही मशीदही ताब्यात घेतली होती. मुसलमानांना ती परत मिळाली 1862 मध्ये. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला दूर रंगूनला जफर वारले. अम्मी ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे एवढी वर्षे इथे कुणाला नमाज पढता आली नाही. आपण तर नुसत्या पायऱ्या चढलो." मग त्यांनी अब्बांसाठी दुआ केली. त्यानंतर उतरताना कुणी काही बोलले नाही.

मशीद आणि किल्ला यांच्यामध्येच मौलाना आझाद यांची कबर आहे. ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री, शिक्षकाने तिथे फातिहा पढल्याशिवाय कसे जावे?

सोमवारची गाडी निजामुद्दीन स्टेशनवरून दुपारी, मिरजेपर्यंत थेट गोवा एक्सप्रेस. म्हणून सामान सकाळीच स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकले आणि जवळचा हुमायूँचा मकबरा गाठला. तो सोमवारीही उघडा असतो. ताजमहालच्या आधी सुमारे 70 वर्षे बांधलेला, त्यामुळे आग्र्याहून आलेल्या मुलांना दोन्हींची तुलना आपोआप सुचली. आमची गोष्ट मात्र इथे संपणार होती. सप्टेंबर 1857 मध्ये दिल्ली हातची गेल्यावर जफर यांनी इथेच आसरा घेतला होता आणि इथेच ते इंग्रजांच्या हाती लागले. ज्या घराण्याचा एवढा मोठा मकबरा, त्याचा शेवटचा बादशाह परक्या मुलुखात दफन झाला. हे मुलांना वेगळे समजवावे लागले नाही. रस्त्यापलीकडे हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यावर हजेरी लावून, अमीर खुसरोंना सलाम करून आम्ही गाडी पकडली.

गावी आल्यावर जो तो विचारतो, "दिल्लीला जाऊन कुतुबमिनार नाही पाहिला?" नाही पाहिला. आठशे वर्षे उभा आहे, इन्शाअल्लाह पुढच्या वेळी पाहू. अम्मींना मात्र त्या 33 पायऱ्या पुढच्या वर्षी चढता आल्या असत्या की नाही, अल्लाहच जाणे. शेवटच्या दोन दिवसांत काय पाहायचे हे ठरवताना आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारावे. त्याचे झाले की बाकीच्यांचे आपोआप होते.