मित्रांची फौज : मोमिनाबाद ते औंध

अंबाजोगाई : मित्र म्हणविणाऱ्या सत्तेच्या अधिकाऱ्यांनी येथे येऊन कवायती घेणे ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. स्वारांचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांचा, अशी ती व्यवस्था. पुण्यातील औंध आणि बेळगाव येथे परदेशी लष्करांबरोबर होणाऱ्या संयुक्त सरावांच्या बातम्या वाचताना या छावणीची आठवण अप्रस्तुत ठरू नये.

या छावणीचे मूळ १८०० च्या तैनाती फौजेच्या करारात आहे. कंपनी सरकारने निजामाचे रक्षण करावे आणि युद्धप्रसंगी निजामाने सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ मदतीस द्यावे, असे ठरले. हे सैन्य कंपनीच्या शिस्तीत तयार व्हावे म्हणून रेसिडेंट हेन्री रसेल यांनी हैदराबादेत स्वतंत्र पलटणी उभ्या केल्या. त्यांतूनच पुढे कंटिंजंट आकारास आली. खर्च फुगत गेला, थकबाकी साचली. अखेर १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी खर्चाच्या हमीपोटी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात घेतले. नळदुर्ग व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र राहूनच गेले. दरम्यान, १८५८ मध्ये सर ह्यू रोझ यांच्या ज्या मध्य भारत मोहिमेत झाशी पडली, त्या मोहिमेत कंटिंजंटची पथके होती. निजामाचे झाशीशी कोणतेही वैर नव्हते! १९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेले आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. मैत्रीच्या नावाने उभी राहिलेली फौजही गेली आणि प्रांतही.

आजच्या सरावांची मांडणी नेमकी या अनुभवाच्या उलट आहे. भारताने कोणत्याही लष्करी गटात प्रवेश केलेला नाही. सरकारी भाषेत समोरचा देश 'भागीदार' असतो. द्विपक्षीय सरावाचे यजमानपद आलटून पालटून येते, दोन्ही तुकड्या साधारणपणे बरोबरीच्या असतात आणि प्रत्येक तुकडी आपल्याच अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली राहते. २०२२ मध्ये बेळगाव येथे 'धर्म गार्डियन' सरावात मराठा लाइट इन्फन्ट्रीची १५ वी बटालियन जपानच्या ३० व्या इन्फन्ट्री रेजिमेंटसमवेत उतरली. पुढच्या वर्षी तोच सराव जपानमध्ये झाला. एप्रिल २०२५ मध्ये औंध येथे उझबेकिस्तानबरोबर 'दस्तलिक' पार पडला, तर त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबरचा 'ऑस्ट्राहिंद' पुण्यातच झाला होता.

तंत्राच्या दृष्टीने या सरावांचे मोल नाकारता येत नाही. निमशहरी वस्तीला वेढा घालणे, घरात दडलेल्या अतिरेक्यांवर चाल करणे, पेरलेली स्फोटके निकामी करणे, जखमींना हलविणे ही कामे दोन वेगवेगळ्या भाषांच्या आणि खुणांच्या सैनिकांनी एकत्र करावयाची, तर कागदावरचा करार पुरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानांना हेच करावे लागते. मार्च २०१६ मध्ये औंध येथील 'फोर्स १८' सरावात १८ देशांची पथके आली होती. भारतीय तुकडीचे नेतृत्व सोफिया कुरेशी या महिला अधिकाऱ्याकडे होते.

परंतु सरावातून विश्वास निर्माण होतो, हे वाक्य मात्र तपासून घ्यावयास हवे. चीनबरोबरचा 'हँड इन हँड' २००८ मध्ये बेळगावला, तर २०१४ आणि २०१६ मध्ये पुण्यात झाला. डोकलामच्या तणावामुळे २०१७ मध्ये त्यात खंड पडला. डिसेंबर २०१९ मध्ये मेघालयातील उमरोई येथे दोन्ही लष्करांचे जवान पुन्हा खांद्याला खांदा लावून दहशतवादविरोधी डावपेच गिरवीत होते. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान हुतात्मा झाले. छोट्या शेजाऱ्याचीही कथा निराळी नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये औंध येथे बिमस्टेक देशांचा सराव सुरू होण्याच्या तोंडावर नेपाळने देशांतर्गत विरोधामुळे आपली तुकडी पाठविण्याचे टाळले आणि त्याच महिन्यात नेपाळी जवान चेंगडूत चीनबरोबरच्या सरावात दाखल झाले. कवायतीचे मैदान राजकारणाच्या मागे चालते, पुढे नव्हे.

या सरावांबाबत खरी उणीव आहे ती हिशेबाची. प्रत्येक सरावाच्या आरंभी आणि अखेरीस प्रसिद्धिपत्रक निघते, त्यात 'परस्पर समन्वय' वाढल्याचे नमूद असते, छायाचित्रे छापली जातात. कोणत्या देशाबरोबर कोणते तंत्र हाती लागले, आपण काय दाखविले आणि काय राखून ठेवले, याचा पत्ता करदात्याला लागत नाही. सारेच तपशील जाहीर करता येणार नाहीत, हे मान्य. तथापि संरक्षणविषयक संसदीय समितीपुढे दर वर्षी असा आढावा ठेवण्यास गोपनीयतेची अडचण येऊ नये. निजामाच्या दरबारात कंटिंजंटचा हिशेब मागितला गेला, तेव्हा उत्तरादाखल थकबाकीचा आकडा पुढे आला होता.