टोकनचा भाव नंतर, आधी मजुरी विचारा

इंटरनेटवरील ‘लाइव्हपीअर’ या व्हिडिओच्या जाळ्याचे टोकन घ्यावे का, असे काही तरुण व्यापारी आम्हास विचारतात. आमचे म्हणणे असे की, भाव विचारण्याआधी धंदा समजून घ्यावा.

अमेरिकेतील डग पेटकॅनिक्स व एरिक टँग यांनी उभारलेले हे जाळे २०१८ मध्ये ‘इथेरियम’ या ब्लॉकचेनवर सुरू झाले. ब्लॉकचेन म्हणजे कोणा एका मुनीमाच्या ताब्यात नसलेली, असंख्य संगणकांवर एकसारखी लिहिली जाणारी खतावणी.

काम असे आहे. थेट प्रक्षेपण कोणी मोठ्या पडद्यावर पाहतो, कोणी रखडत्या नेटच्या मोबाइलवर. म्हणून एकाच व्हिडिओच्या लहानमोठ्या प्रती तत्काळ कराव्या लागतात. यास ट्रान्सकोडिंग म्हणतात. एरवी ते मोठ्या कंपन्यांच्या संगणक-केंद्रांत होते. येथे ते जगभर विखुरलेल्या, स्वतःची यंत्रे असलेल्या ‘ऑर्केस्ट्रेटर’ मंडळींना वाटून दिले जाते. भिवंडी-मालेगावच्या वाचकांस हे नवे नाही. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचे आणि मजुरी कामावर. येथे मजुरी ‘इथर’ या नाण्यात मिळते.

मग टोकन कशाला? ती अनामत आहे. काम घेणारा ती गुंतवतो. इतर लोकही आपली टोकने त्याच्या नावे ठेवून कमाईत वाटा घेतात. ज्याची अनामत तोकडी, त्यास कामाच्या यादीत जागा मिळणे कठीण. नुसता माग असून भागत नाही.

खरी मेख पुढेच आहे. कमाई दोन प्रकारची. एक, गिऱ्हाइकाने दिलेली मजुरी. दुसरी, नियमाप्रमाणे नव्याने पाडली जाणारी टोकने. पहिली बाहेरून येते. दुसरी घरातच तयार होते, आणि ज्याने टोकन गुंतवले नाही त्याचा हिस्सा तेवढा पातळ होतो. पाणी घालून लोटा भरला, म्हणजे म्हैस जास्त दूध देऊ लागली असे नव्हे.

शिवाय २०२२ पासून भारतात अशा टोकनच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

आम्ही या तंत्राचे विरोधक नाही. विखुरलेल्या कारागिरांना थेट काम मिळावे, ही कल्पना आम्हास पटते. परंतु टोकन विकावयास येणाऱ्यास एवढेच विचारा : गेल्या महिन्यात गिऱ्हाइकांनी मजुरी किती दिली? खतावणी सर्वांना उघडी आहे. तो आकडा दाखवता येत नसेल, तर पैसा आपल्या गल्ल्यातच बरा.