आडनावाचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपली जुनी माणसे सांगून गेली. पण नको म्हटले की तेच आधी करायचे, हा मनुष्यस्वभाव! आपल्याकडे कुलवृत्तांत छापून काढणारी घराणी काही थोडीथोडकी नाहीत. क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यायांच्या वहीत पणजोबांचे नाव पाहून ज्याचा ऊर भरून आला नाही, असा गृहस्थ विरळाच. इंग्लंडातही या छंदाने कितीतरी कुटुंबांना वेड लावले आहे.

तिथे आडनावाचा माग काढायचा तो कसा? पहिला नियम असा, की कुणा थोर पुरुषापासून खाली येऊ नये. सुरुवात आपल्यापासून करावी आणि एकेक पायरी मागे उतरावे. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद होऊ लागली. १८४१ च्या खानेसुमारीपासून घरातल्या माणसांची नावे मिळतात. त्यामागे आधार चर्चच्या वह्यांचा. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्ने आणि दफने एका वहीत नोंदवावीत. १६६२ ते १६८९ या काळात घरातल्या प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता. त्याच्याही याद्या उरल्या आहेत. शिवाय जहागिरीच्या कचेऱ्यांतले दंड आणि तंटे आहेतच. यातले पुष्कळसे आता घरबसल्या संगणकावर पाहता येते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वंशजांना बरे वाटावे म्हणून यातला एकही कागद लिहिलेला नाही. कुणी कर भरला, कुणी दंड भरला, कुणाला मूठमाती दिली, एवढेच तो कारकून लिहीत होता. आणि नाव कानावर पडेल तसे लिहीत होता.

उदाहरणाला साऱ्या जगाला ठाऊक असलेले आडनाव घेऊ – शेक्सपिअर. अर्थ सरळ, भाला परजणारा. १५८२ च्या नोव्हेंबरात विल्यमच्या लग्नाची परवानगी वुस्टरच्या बिशपच्या दप्तरी नोंदली गेली. २७ तारखेला कारकुनाने अक्षरे लावली ती ‘शाक्सपेरे’ अशी, दुसऱ्या दिवशीच्या जामीनपत्रात झाले ‘शागस्पेरे’! नवरीचे आडनाव तर पहिल्या दिवशी व्हेटली आणि दुसऱ्या दिवशी हॅथवे. एका रात्रीत नवरी बदलली की काय, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. कारकुनाच्या हातून घोटाळा झाला, असे बहुतेकांचे मत. तेव्हा स्पेलिंग जुळत नाही म्हणून आपला माणूस सोडू नये, आणि जुळते म्हणून परका माणूस घरात घेऊ नये.

याच आडनावाची आणखी एक गोष्ट ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या दप्तरात आहे. तिथे ह्यू नावाचे एक विद्वान होते, आडनाव शेक्सपिअर. १४८७ साली ते सॉन्डर्स झाले. कारण? हे नाव हलके समजले जाते, असे दप्तरातच नमूद आहे! पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच हलक्या नावाचे काय झाले, ते सांगायला नकोच.

स्ट्रॅटफर्डला विल्यमचे वडील जॉन हातमोजे करीत. गावच्या दप्तरात ते १५५२ साली भेटतात, ते हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल दंड भरताना. हेच जॉन १५६८ साली नगरीचे प्रमुख झाले. पुढे घराण्याला मानचिन्हही मिळाले: सोनेरी ढालीवर भाला. त्याच्या मसुद्यावरची तारीख आहे २० ऑक्टोबर १५९६.

आता चर्चची वही उघडावी. त्याच वर्षी, ११ ऑगस्टला, एका मुलाच्या दफनाची नोंद आहे. नाव हॅम्नेट. विल्यमचा एकुलता एक मुलगा, वय अकरा. ढाल आली ती नाव पुढे चालवणारा गेल्यावर. वहीत त्या नोंदीला इतर नोंदींइतकीच जागा मिळाली आहे, एक ओळ.

हॅम्नेटची जुळी बहीण ज्यूडिथ. १६१६ च्या एप्रिलात वडील वारले आणि त्याच नोव्हेंबरात तिच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. तिने त्याचे नावच शेक्सपिअर ठेवले. सासरचे आडनाव क्वायनी, म्हणून तो शेक्सपिअर क्वायनी. माहेरचे नाव राखण्याची लेकीची धडपड ती! पुढल्या मे महिन्यात तेही बाळ गेले. १६७० साली विल्यमची नात एलिझाबेथ वारली आणि त्याचा थेट वंश संपला.

मग घराणे बुडाले म्हणायचे का? मुळीच नाही. विल्यमची बहीण जोन हिने हार्ट नावाच्या टोप्या करणाऱ्या कारागिराशी लग्न केले होते. तिचे वंशज आजही आहेत. आडनाव निराळे, पण उकिरड्याचा दंड भरणाऱ्या त्या जॉनचेच रक्त. जो नुसता आडनावाच्या मागे धावेल, त्याच्या हाती ही शाखा कधीच लागायची नाही.

म्हणून सांगायचे ते एवढेच. आडनाव ही घराण्यात शिरायची एक वाट, घराणे नव्हे. आपल्या वंशावळींत पाहावे, तर लेकी कुठे आहेत? ‘अमक्यांना दिली’ एवढ्यावर त्यांची बोळवण! सुनांचे तर लग्नात नावही बदलून टाकलेले. या दिवाळीला घरात चार वडीलधारी माणसे जमतील. फराळाचे ताट पुढे आले, की पणजोबांच्या पराक्रमाबरोबर पणजीचे माहेरचे नाव आणि तिचे गावही विचारून घ्यावे. आणि लगेच लिहून ठेवावे. आपल्या घरी तो कारकून दुसरा कोण होणार?