कबरा म्हणजे नेमका कोणता?

अंधेरी स्टेशनच्या बाहेर पडा, रिक्षा स्टँडवर एक तरी 'डाल्मेशियन मिक्स' आडवा झालेला असतोच. निदान तो तसा आहे हे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी शेजारी उभा असतो. पांढऱ्या अंगावर चार काळे ठिपके दिसले की "ह्याचा आजा नक्की डाल्मेशियन!" अंगावर पट्टे असले की बॉक्सर. भुवयांच्या जागी दोन पिवळे टिपके असले की रॉटवायलर. आणि एक डोळा निळा निघाला तर विचारूच नका, थेट सैबेरियाचा हस्की! माणसांची कुंडली मांडायला आपल्याला निदान पंचांग लागतं. कुत्र्याची आपण चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या मांडतो.

तर मंडळी, वाईट बातमी अशी, की अंगावरचे ठिपके हा जातीचा दाखला नाही. ब्रीड्स बनवणाऱ्यांनी जगभरच्या जुन्या, साध्या कुत्र्यांमधूनच आवडते रंग निवडले आणि पक्के केले. बॉक्सर ही जात जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार झाली. अंगावरचे वाघासारखे पट्टे त्याच्या कितीतरी आधीपासून कुत्र्यांमध्ये होते. आपल्या गावोगावच्या 'वाघ्यां'ना ते बॉक्सरकडून उसने घ्यावे लागले नाहीत. निळ्या डोळ्याचंही तसंच. चेहऱ्यावर पांढरा भाग पसरला आणि रंगाच्या पेशी डोळ्यापर्यंत पोचल्याच नाहीत, तर मुलुंडच्या नाक्यावर जन्मलेल्या पिल्लाचा डोळाही निळा होऊ शकतो. त्याला बर्फाशी काही देणंघेणं नसतं.

हे नुसतं माझं मत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत दत्तक दिलेल्या वीस मिश्र कुत्र्यांची डीएनए चाचणी झाली. रोज कुत्री हाताळणाऱ्या संस्थांनी नुसतं बघून सांगितलेल्या जाती आणि डीएनएमधून निघालेल्या जाती यांचा बहुतेक वेळा मेळच बसला नाही. त्याच्याही आधी, १९६५ च्या आपल्या जाडजूड पुस्तकात स्कॉट आणि फुलर या जोडगोळीने बसेंजी आणि कॉकर स्पॅनिएल यांच्या संकराची हकीगत दिली आहे. त्या पिल्लांकडे बघून कोणी शपथेवरही आईबापांची नावं सांगू शकलं नसतं.

मग ठिपके येतात कुठून? ही गोष्ट मला कुठल्याही वंशावळीपेक्षा भारी वाटते. पिल्लू आईच्या पोटात असतं तेव्हा रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूला जन्मतात आणि तिथून खाली, पोटाच्या आणि पायांच्या दिशेने पसरायला लागतात. पाठ आणि डोकं ही जवळची स्टेशनं. छाती, पंजे, शेपटीचं टोक आणि कपाळाचा मध्य म्हणजे विरार. पेशी पुरेशा नसल्या की शेवटच्या स्टेशनांवर गाडी पोचतच नाही आणि तेवढी जागा पांढरी राहते. म्हणूनच आपल्या गल्लीतल्या साध्या तांबूस कुत्र्यांनाही पांढरे मोजे आणि छातीवर पांढरा रुमाल असतो. पांढरा रंग हा रंग नाहीच, ती रिकामी सीट आहे.

पूर्वी असा समज होता की या पेशी हळू चालतात म्हणून पोचत नाहीत. २०१६ मध्ये एडिनबरा आणि बाथ विद्यापीठांच्या संशोधकांनी ठिपकेवाल्या उंदरांमध्ये तपासलं तर भलतंच निघालं. पेशी उलट जास्त जोरात पळत होत्या, पण त्यांची संख्या पुरेशी वाढत नव्हती. आणि त्या कुठल्या ठरलेल्या रस्त्याने जात नव्हत्या, वाट फुटेल तिकडे जात होत्या. थोडक्यात, अंगावर पांढरं किती असेल हे बरंचसं आईबापांकडून येतं. काळा डाग डाव्या डोळ्यावर पडेल की उजव्या, हे मात्र नशीब.

नशीब म्हणजे किती नशीब? २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये जगातली पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली. नाव 'सीसी', म्हणजे 'कॉपी कॅट'. जिची कॉपी काढली ती रेनबो तिरंगी होती: पांढरी, काळी, नारिंगी. आणि कॉपी? पांढरी आणि करडी पट्टेरी, नारिंगी रंगाचा पत्ताच नाही! डीएनए तोच, अंग वेगळं. मांजरींमध्ये नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स असतात, आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीत त्यातला एक लवकरच बंद पडतो, कुठे हा तर कुठे तो. ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, याचं उत्तर हेच. ते जनुक नेमकं कोणतं हे मात्र २०२५ मध्ये, एका जपानी आणि एका अमेरिकन गटाने वेगवेगळं काम करून छापलं. मासळी बाजारात टोपलीजवळ बसलेल्या तिरंगी बाईंना याची काही खबर नसावी.

(जाता जाता एक. 'रेअर कलर' म्हणून जाहिरात केलेलं, निळसर राखाडी शिंतोड्यांचं पिल्लू भरपूर पैसे मोजून घ्यायचा विचार असेल तर थांबा. त्या रंगाला मर्ल म्हणतात. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर साधारण चारातल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळतं. अशी पिल्लं बरीचशी पांढरी असतात आणि त्यांच्यात बहिरेपणा, डोळ्यांचे दोष बरेच आढळतात. विकणाऱ्याला आईबाप दोघांचे रंग विचारा. तो विषय बदलू लागला तर तुम्हीही दुकान बदला.)

तर ठिपके जात सांगत नाहीत, आणि स्वभाव तर नाहीच नाही. पण ते एक गोष्ट मात्र चोख सांगतात: हा कोण. ज्या अर्थी डागांची जागा नशिबावर, त्या अर्थी तोच नकाशा दुसऱ्या अंगावर सापडणं कठीण. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हेच सूत्र वापरून बिबटे मोजतात. २०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी वनखात्याबरोबर उद्यानात आणि आसपास कॅमेरे लावून अभ्यास केला तेव्हा पस्तीस बिबटे वेगवेगळे ओळखता आले, ते अंगावरच्या ठिपक्यांवरूनच. यात गंमत अशी, की बिबट्याची डावी बाजू उजवीसारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. एकाच बाजूचे फोटो असले तर एकाच बिबट्याचे दोन बिबटे व्हायचे.

आता जंगलातून गल्लीत येऊ या. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत मध्यंतरी एका रात्रीत व्हॉट्सअॅपवर एकशे चाळीस मेसेज पडले. विषय: 'तो काळा-पांढरा कुत्रा'. बाइकच्या मागे धावतो, एका काकांची पँट फाडली, ह्याला उचलायला सांगा. चेअरमननी पत्राचा मसुदाही तयार केला. त्यात वर्णन एवढंच, काळा-पांढरा कुत्रा. अहो, पण आमच्या गल्लीत काळे-पांढरे चार आहेत! त्यातला एक इतका म्हातारा आहे, की बाइक त्याच्या अंगावरून गेली तरी तो कूस बदलेल फक्त.

हा मुद्दा चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो, आणि त्यासाठी केंद्रात पोचल्याबरोबर त्याच्या गळ्यात नंबरचा पट्टा घालतात. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच तत्त्व ठेवलं, पण रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत असंही सांगितलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं, बस डेपो यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे 'आक्रमक कोणता' आणि 'कुठला' या दोन शब्दांवर एखाद्या जनावराचं उरलेलं आयुष्य ठरू शकतं. आणि आपण लिहितो, काळा-पांढरा!

माणसाचंही त्यात नुकसानच. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस सुरू करायची, कुत्रा सापडो न सापडो. पण पुढचे दहा दिवस तो कुत्रा ठणठणीत राहिला का, हे डॉक्टर विचारतात, कारण पुढचे डोस त्यावर ठरू शकतात. चार काळ्या-पांढऱ्यांपैकी भलत्यावरच दहा दिवस नजर ठेवली तर त्या माहितीचा उपयोग काय?

आमच्याकडे हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने सोडवला. बँकेत नोकरी, रोज रात्री साडेनऊला कुत्र्यांना खायला घालणारी. तिने रविवारी सकाळी चौघांचे फोटो काढले, डावी बाजू, उजवी बाजू, समोरून आणि कानाची खाच. (कानाला खाच असली की नसबंदी झालेली, हे आता बऱ्याच जणांना कळतं. अजून काही जण मात्र 'बिचाऱ्याचा कान कोणी कापला' म्हणून हळहळतात.) प्रिंट काढून वॉचमनच्या केबिनमध्ये लावले आणि पँट फाटलेल्या काकांना खाली बोलावलं. "काका, नीट बघा. पाठीवर खोगीर असलेला, की मानेपर्यंत टोपडं घातलेला?"

काकांनी चष्मा पुसून बोट ठेवलं. खोगीरवाली. ती कुत्री होती आणि कानाला खाच नव्हती. दोन दिवसांनी मीटर रूमच्या मागे तिची पाच पिल्लं सापडली. बाइक्स नेमक्या तिथूनच वळायच्या. पत्र गेलं, पण दुसरंच गेलं: पिल्लं दूध सुटण्याइतकी मोठी झाल्यावर ह्या ह्या वर्णनाच्या कुत्रीची नसबंदी करा, सोबत फोटो. तोवर बाइक्स मागच्या गेटने. कुरकुर झाली, पण झालं.

तुम्हाला तुमच्या गल्लीचा असा तक्ता करायचा असेल तर दोनचार गोष्टी सांगतो. ठिपकेवाले सोपे. कठीण जातात ते एकरंगी, 'लाल्या' नावाचे, प्रत्येक गल्लीत तीन. त्यांचे पंजे बघा: किती बोटं पांढरी, कुठल्या पायाची. छातीवरचा डाग लांबट की गोल. शेपटीचं टोक. नाकावर गुलाबी डाग. पिल्लांचे फोटो मात्र दर दोन महिन्यांनी नवे काढा, कारण वाढताना रंग बदलतो. डाल्मेशियनची पिल्लं तर जवळजवळ कोरी पांढरी जन्मतात आणि ठिपके दोनतीन आठवड्यांनी उमटू लागतात. म्हातारपणी तोंड पांढरं होतं, आपल्यासारखंच. पण एखाद्या ठिकाणचे केसच गेले, कातडी जाड झाली, सतत खाजवणं चाललंय, तर ते डिझाइन नव्हे. ती खरूज असू शकते आणि तिच्यावर औषध आहे.

आणि कुत्रा निळा दिसला तर? हसू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत खरोखरच निळी कुत्री फिरत होती. त्यांचे फोटो जगभर गेले. कसाडी नदीच्या परिसरात कारखान्याच्या रंगाने त्यांची ही दशा केली होती. शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. नदीबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी होत होत्या, पण देशभर गाजल्या त्या कुत्र्यांच्या अंगावर निळ्या अक्षरात उमटल्यावर.

आमच्या केबिनमधला तक्ता अजून आहे. लॅमिनेट केलाय, वॉचमनकाकांनी त्यावर स्केचपेनने नावंही घातली आहेत: खोगीर, टोपडं, म्हातारबा आणि हाफ मिशी. फक्त हाफ मिशीच्या उजव्या बाजूची चौकट रिकामी आहे. बाईसाहेब दिवसभर उजवी बाजू भिंतीला टेकवून झोपतात आणि फोन काढला की उठून जिन्याखाली जातात.