घरच्या शाळेतली आई

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीकडे गेले होते. बँकेतली नोकरी सोडून तिला दोन वर्षं झाली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघंही शाळेत जात नाहीत, आईच त्यांना घरी शिकवते. माझ्यासमोर तिनं मुलीला गोष्टीचं एक पान वाचून दाखवलं, एकदाच. पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आता तू सांग." पोरीनं हातवारे करत, मधेच थांबून आठवत, स्वतःच्या शब्दांत सगळं सांगितलं. ते पाठांतर नव्हतं. मार्क नाहीत, बक्षीस नाही, धाकही नाही. मी थक्क झाले.

ही पद्धत शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिकेची. मेसनबाईंचा जन्म १८४२चा, मृत्यू १९२३चा. ब्रॅडफर्डमध्ये त्यांनी स्त्रियांपुढे व्याख्यानं दिली आणि त्यांतून १८८६ साली 'होम एज्युकेशन' हे पुस्तक निघालं. पुढच्याच वर्षी पालकांची संघटना उभी राहिली, नंतर तिचं मासिक निघालं. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अभ्यासक्रम टपालानं जाऊ लागले.

बाई श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. मूल म्हणजे कोरी पाटी नाही, ते जन्मतःच पूर्ण माणूस आहे, हा त्यांच्या विचाराचा पाया. मुलांना दुखवू नका, तुच्छ लेखू नका, त्यांच्या वाटेत आडवे येऊ नका, हे तीन नियम त्यांनी ख्रिस्ताच्या वचनांतून काढले. धार्मिक ज्ञान वेगळं आणि ऐहिक ज्ञान वेगळं, असं त्या मानत नव्हत्या. सगळंच ज्ञान देवाकडून येतं, मग ते गणित का असेना. पद्धतही त्याला धरूनच होती. सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे नाहीत. त्यानंतरही धडे छोटे, लहान मुलांना पंधरा-वीस मिनिटांचे. रटाळ क्रमिक पुस्तकांऐवजी जीव ओतून लिहिलेली पुस्तकं. भरपूर वेळ उघड्यावर, झाडं-पाखरं पाहण्यात. आणि चांगल्या सवयी, एकेक करून, धीरानं लावायच्या.

हे फक्त सुखवस्तू घरांपुरतं राहिलं नाही, हेही सांगायला हवं. १९१४ साली यॉर्कशरमधल्या ड्रिगलिंग्टन या खाणकामगारांच्या गावात, साध्या सरकारी शाळेत ही पद्धत वापरली गेली. त्या मुलींनीही उत्तम पुस्तकं वाचली, आपल्या शब्दांत सांगितली. गरिबाच्या पोराला काय कळणार, म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

मग माझी तक्रार काय? तक्रार पद्धतीबद्दल नाहीच. ती चालवणाऱ्या बाईबद्दल कुणी बोलत नाही, याबद्दल आहे.

माझी मैत्रीण पहाटे पाचला उठते. डबा, पाणी, केरवारे. मग धडे, मग मुलांना घेऊन टेकडीवर. दुपारी उद्याच्या पुस्तकांची तयारी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. नवरा भला माणूस आहे, पण म्हणतो, "तू घरीच तर असतेस." निघताना ती हळूच म्हणाली, "दोन वर्षांत स्वतःसाठी एक पुस्तक वाचलं नाही गं."

मेसनबाईंच्या काळी ज्या घरांत हे शिक्षण सुरू झालं, त्यांतल्या अनेक घरांत स्वयंपाकीण होती, दाई होती. बाई स्वतः अविवाहित आणि स्वतःच्या मिळकतीवर जगणाऱ्या. १८९२ साली अँबलसाइडला त्यांनी संस्था काढली. तिथं शिकून मुली शिक्षिका झाल्या, पगार घेऊ लागल्या. म्हणजे मुलांना शिकवणं हे शिकून करायचं, मोबदल्याचं काम आहे, हे बाईंनी ओळखलं होतं. १९८४ साली सुझन शेफर मॅकॉली यांच्या पुस्तकानं हा विचार अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांत पुन्हा रुजवला. तिथून तो इतरत्र पोचला, तोवर पगार गळाला होता. उरली ती आईची भक्ती. भक्तीचे तास कोण मोजतं?

घर म्हणजे अंधार आणि शाळा म्हणजे उजेड, इतकं सोपं नाही, हे मलाही मान्य आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंना शिकवलं होतं त्यांच्या नवऱ्यानं, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा रोष पत्करून. तिथं आधी आई शिकली, मग मुलगी. हा क्रम विसरू नये.

दुसरी बाजू मी कामात रोज पाहते. वस्तीत "घरी शिकेल" याचा अर्थ बहुधा "धाकट्याला सांभाळेल" असा असतो. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरातच राहिलेल्या किती मुली पुन्हा बाकावर बसल्याच नाहीत. मुलीला शाळेचा रस्ता, मैत्रिणी, घरात न सांगता येणारी गोष्ट ऐकणारी एखादी बाई लागते. ते सारं घरात मिळत नाही. आणि कधीकधी घरातूनच तिला वाचवायचं असतं.

म्हणून, मैत्रिणींनो, ज्यांना घरी शिकवायचं आहे त्यांनी जरूर शिकवावं. पण आधी घरात बसून काही गोष्टी ठरवाव्यात. आठवड्यातले किती धडे बाप घेणार? आईनं सोडलेल्या पगाराच्या बदल्यात तिच्या नावावर काय राहणार? तिला पुन्हा नोकरीवर जायचं असेल तर कधी? मुलांना घराबाहेरचं कोण भेटणार? आणि निर्णय खरंच तिचा आहे का?

दुखवू नका, तुच्छ लेखू नका, आडवे येऊ नका. मुलांसाठी काढलेले हे तीन नियम आईलाही लावून पाहा. तीही जन्मतःच पूर्ण माणूस आहे. मैत्रिणीला मी परवा एक कादंबरी नेऊन दिली. वाचायला वेळ मात्र तिच्या नवऱ्यानं द्यायचा आहे. तसं त्याला मी सांगूनही आले आहे.