सह्याद्री उंच कधी झाला?

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हे शाळकरी मुलेही सांगतात. पण पाषाण घडला कधी आणि घाटमाथा उंच झाला कधी, हे प्रश्न वेगळे आहेत. दुसरा आपण विचारत नाही, याची खंत वाटते. शिराळ्यात धो धो पाऊस आणि त्याच सांगली जिल्ह्यातल्या जतला दुष्काळ, हे त्या उंचीचेच देणे. उत्तराचा मोठा साठा कऱ्हाडला ठेवलेल्या खडकांच्या नमुन्यांत आहे. 1967च्या भूकंपानंतर कोयना परिसराचा अभ्यास वाढत गेला आणि पुढे गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टखाली तिथे ग्रॅनाइट आणि नाइस लागले. त्यांतल्या झिरकॉन या खनिजातले युरेनियम आणि शिसे मोजले की खडकाच्या जन्माचे वय कळते. ते अडीच अब्ज वर्षांहून जास्त आहे. ॲपेटाइट या खनिजाचे काम निराळे. युरेनियमचे अणू फुटताना त्याच्या स्फटिकात सूक्ष्म रेघा उमटतात आणि साधारण 110 अंशांवर पुसल्या जातात. उरलेल्या रेघा खडक थंड कधी झाला, म्हणजे वरचा भार केव्हा झिजून गेला, ते सांगतात.

यावर रास्त आक्षेप असा की थंड होणे म्हणजे उंच होणे नव्हे. झीज झाली तरी डोंगर तितकाच राहू शकतो. म्हणूनच कासचा आणि महाबळेश्वरचा जांभा ग्रॅनाइटइतकाच मोलाचा. जांभा सपाट जमिनीवर, उष्ण दमट हवेत दीर्घकाळ खडक कुजून तयार होतो. आज तो हजार मीटरहून उंच आहे. अशा थरांतल्या मँगनीजच्या खनिजात पोटॅशियम असते, त्याचा आर्गॉन होतो, त्यावरून कुजण्याचा काळ मोजता येतो. कर्नाटकच्या पठारावर आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत ही मोजणी झाली. दोन्हीकडे सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीची वये मिळाली. वर आणि खाली, दोन वेगळ्या पातळ्यांवर एकाच काळी खडक कुजत होता; म्हणजे घाटाचा कडा त्याआधीच उभा होता, असा निष्कर्ष निघाला. साताऱ्याचा कडाही तितकाच जुना असेल, असे गृहीत धरणे मला पटत नाही. तिथले खडक बव्हंशी लाव्हापूर्वीचे, इथे लाव्हाचे थरावर थर आहेत. बेसॉल्टमध्ये वय सांगणारी अशी खनिजे विरळ, ही अडचण खरी. म्हणून तर खालचा ग्रॅनाइट आणि वरचा जांभा दोन्ही तपासायला हवेत. या माहितीने पुढचा भूकंप सांगता येणार नाही, तसा दावा कुणी करूही नये. पण कासचे पठार फुलांपुरते जपायचे आणि जांभा मात्र रस्ते-बांधकामांसाठी फोडू द्यायचा, हे थांबले पाहिजे. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कऱ्हाडच्या नमुन्यांवर काम करू द्यावे, आणि पठारावर कुदळ पडण्याआधी तिथला जांभा मोजणीसाठी घ्यावा.