आजी बाथरूमचं दार उघडं का ठेवायची?

‘बाथरूम मेकओव्हर’ असं एकदा सर्च करून बघा. छतात लपलेले छोटे गोल दिवे, काळे नळ, कोपऱ्यात मनी प्लांट आणि खाली कॅप्शन, ‘घरच्या घरी फाइव्ह स्टार’. असलीच एक रील बघून मी घरी हट्ट धरला की, बाथरूमच्या छताला लटकणारा एकुलता एक बल्ब काढायचा आणि फॉल्स सीलिंग करून एलईडी डाउनलाइट लावायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. ‘‘दिवा लागतोय ना? मग झालं तर! तिथे काय अभ्यास करायचाय?’’

महिनाभर हा वाद चालला. तो मिटवला आजीने, तेही नकळत.

आजी बाथरूमचं दार कधी पूर्ण लावायची नाही, वीतभर फट ठेवायचीच. आम्ही सगळे तिच्यावर ओरडायचो, ‘‘आजी, दार लाव ना गं!’’ वयामुळे विसरत असेल, असंच आम्हाला वाटायचं. एक दिवस ती वैतागून म्हणाली, ‘‘अगं, पॅसेजमधला उजेड आत यावा म्हणून ठेवते. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही मला.’’

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, चष्माही नवा होता. मग त्या रात्री मी आत जाऊन तिच्या जागी उभी राहिले. दिवा छताच्या मधोमध. बेसिनसमोर उभं राहिलं की तो पाठीमागे जातो आणि चेहरा अंधारात. आंघोळीच्या जागेकडे वळलं की तिथल्या दोन इंची उंबऱ्यावर आपलीच सावली पडते. म्हणजे नेमकं जिथे बघून पाय टाकायचा, तिथेच काळोख! मला हे कधी जाणवलं नाही, कारण मी न बघताच उडी मारून आत जाते. आजीला ते परवडत नाही. वय वाढतं तसा डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो आणि अंधारातून उजेडात आल्यावर नजर बसायलाही वेळ लागतो. आम्ही डोळे तपासले, चष्मा बदलला. दिव्याकडे कुणी बघितलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाथरूमचा दिवा हा सजावटीचा विषय नाही आणि बाबा म्हणतात तसा चैनीचाही नाही. ओल्या फरशीवर घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस एकटं, दार लावून उभं असतं, ती ही जागा. तिथे उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे पडतोय, हे जास्त महत्त्वाचं. आणि घरात ऑनलाइन खरेदी, वॉटेज, रिव्ह्यू वगैरे खाती बहुतेक आपल्याकडेच असतात. त्यामुळे हा प्रश्न आपणच मांडायला हवा.

गंमत बघा. 2015 मध्ये उजाला योजना आली आणि घरोघरी 9 वॅटचे एलईडी बल्ब लागले. 60 वॅटच्या पिवळ्या बल्बची सुट्टी झाली, बिल कमी झालं, उत्तमच. पण आपण बदलला तो फक्त बल्ब. होल्डर तिथेच राहिला, बिल्डरने वायर सोडली होती तिथे. एका खोलीला एक पॉइंट, हा त्या काळचा हिशेब आपण अजून चालवतोय.

मग डाउनलाइट लावायचे का? जागा असेल तर जरूर लावा, पण रील बघून नाही. रीलमध्ये चार दिवे चार कोपऱ्यांत सारख्या अंतरावर असतात, कारण फोटो छान येतो. खरं तर एक दिवा आंघोळीच्या जागेच्या वर हवा, एक कमोडपाशी आणि एक बेसिनकडे. बेसिनचा दिवा आपल्या डोक्यामागे नको, आरशाच्या बाजूला सरकवलेला हवा. बरोबर डोक्यावर आला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि रोज सकाळी आपण आजारी दिसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे देता आले तर सगळ्यात चांगलं.

आता दुकानात विचारायचे प्रश्न. पहिला, आयपी रेटिंग किती? यातला दुसरा आकडा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. आयपी 20 म्हणजे पाण्यापासून शून्य संरक्षण. हॉलमधला हाच स्वस्त दिवा बाथरूममध्ये लावायचा मोह होतो. तो टाळा आणि शॉवरच्या वर आयपी 65 घ्या. दुसरा, रंग कुठला? 6500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड गुळगुळीत टाइल्सवर आपटून डोळ्यांवर येतो. 4000 च्या आसपासचा बरा, आणि दिव्याला दुधी काच असेल तर आणखी बरं. तिसरा, बीआयएसची नोंदणी आहे का? चौथा प्रश्न स्वतःलाच विचारायचा, हा बिघडला तर काय? साधा बल्ब आपण स्टुलावर चढून बदलतो. बहुतेक डाउनलाइटमध्ये बल्ब वेगळा नसतो, अख्खं फिटिंगच बदलावं लागतं, आणि दोन वर्षांनी त्याच मापाच्या भोकात बसणारा दिवा मिळेलच असं नाही. म्हणून एक जास्तीचा घेऊन ठेवा.

विजेचा हिशेबही मी बाबांसमोर मांडला. 6 वॅटचे तीन दिवे म्हणजे 18 वॅट, आधीच्या दुप्पट. रोज तीन तास लावले तरी महिन्याला एक युनिटसुद्धा वाढत नाही. 2000 वॅटचा गिझर महिन्याभरात पंचवीस मिनिटं जास्त चालला तर तेवढीच वीज जाते. बाबा गप्प झाले, कारण गिझर कोण विसरतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पण बाबांचा एक मुद्दा मला पटला. आपल्या इमारतींचं छत म्हणजे काँक्रीटचा स्लॅब. त्यात दिवा बसवायला खड्डा करायचा नसतो, आतल्या सळया उघड्या पडतात. म्हणजे फॉल्स सीलिंग आलंच, आणि त्यात चार-सहा इंच उंची जाते. शिवाय आपल्या बाथरूमच्या बरोबर वर दुसऱ्याचं बाथरूम असतं. वरून गळती असेल तर सीलिंग ती दुरुस्त करत नाही, फक्त झाकतं. ओल दिसायची बंद होते आणि पाणी वायरिंगपर्यंत पोहोचतं. तेव्हा आधी वरच्या काकांशी गळतीचं बोलून घ्या, तो चहा टाळू नका. सीलिंग ओलाव्यात टिकणारं घ्या, त्यात तपासणीसाठी झाकण ठेवा, काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या आणि घराच्या मेन बोर्डात आरसीसीबी आहे का तेही त्याच्याकडून बघून घ्या. विजेची गळती झाली की सप्लाय तोडतो तो हाच.

हे सगळं जमणार नसेल, भाड्याचं घर असेल किंवा तुम्ही पीजीत राहात असाल, तरी हात जोडून बसू नका. छताला चिकटून बसणारा सरफेस पॅनल दिवा फॉल्स सीलिंगशिवाय लागतो. बल्बपेक्षा त्याचा उजेड जास्त पसरतो, सावली मऊ पडते. आरशावर एक वेगळा दिवा घेतला तरी निम्मं काम होतं. रात्रीसाठी दाराबाहेर चार्जिंगवर चालणारा छोटा सेन्सर लाइट चिकटवला तरी चालतो.

आमच्याकडे शेवटी तीन दिवे लागले. काळे नळ आणि मनी प्लांट बजेटमधून उडाले. एक दिवा मंद ठेवलाय, रात्री उठणाऱ्यांसाठी, त्याचं बटण वेगळं. आजीला तीन बटणांतलं कुठलं कुठल्या दिव्याचं हे अजून लक्षात राहत नाही, म्हणून मी वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्यात. त्यावरूनही ती कुरकुरते, ‘‘एवढी बटणं कशाला गं?’’ पण दार आता ती पूर्ण लावते, आतून कडी घालून.

तुमच्या घरी कुणी दाराला फट ठेवत असेल, तर ओरडण्याआधी एकदा आत जाऊन त्यांच्या जागी उभे राहा आणि खाली बघा, सावली कुठे पडतेय ते.